आवेकोपेच्या पेट्या

१

मार्लीन फुलं घेऊन आली. पांढरी.

माझा सेलोम तिकडे कोठडीत, आणि ही बाई माझ्या दुकानाच्या दारात पांढरी फुलं घेऊन उभी, जणू तो गेलाच! मी हात पुढे केला नाही. तेव्हा तिनं ती काउंटरवरच्या निळ्या कापडाच्या तागावर ठेवली, देठं ओलीच. चांगलं भारी छापाचं कापड भिजलं. त्याचंही तिला काही नाही.

"तांती, आम्हा सगळ्यांना फार मोठा धक्का बसलाय," ती म्हणाली. तांती म्हणजे मावशी; इथे सगळे मला तशीच हाक मारतात.

"धक्का बसलाय तर खुर्ची घे. माझा मुलगा तिकडे फरशीवर बसलाय."

सेलोम माझ्या धाकट्या बहिणीचा. बहिणीचा मुलगा म्हणजे आमच्यात स्वतःचाच. ब्रसेल्समधल्या मातोंगे या आफ्रिकी वस्तीतल्या माझ्या दुकानात तो कापड फाडतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, माझी बोलणी खातो. बापाकडच्या आजीच्या मयतासाठी मायदेशी निघाला आणि विमानतळावरच उचलला. आजीला माती त्याच्याशिवाय दिली. तिथल्या कोठडीतून माणसं कशी बाहेर येतात ते मी माझ्या नवऱ्याच्या वेळी पाहिलंय. म्हणून मला धक्क्याचं कौतुक सांगू नये.

"आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत," मार्लीन म्हणाली.

"लक्ष काय ठेवतेस? राखणीला कुत्रं ठेवलं तर ते भुंकतं तरी!"

ही बाई म्हणजे आफ्रिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची मुख्य. दुकानाच्या वरचा हॉल माझा आहे. तिची संस्था तो भाड्यानं घेते. युरोपातले मंत्री आमच्या देशाबद्दल काय बोलायचं ते हिच्या अहवालात बघून ठरवतात. आमच्याकडे कुणी निवडून आलं की हिला रेडिओवर बोलावतात. आमच्यातल्या कुणाला बोलावत नाहीत.

"रविवारच्या बैठकीतलं काहीतरी बाहेर गेलं, हे उघड आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मला बोलायला वाईट वाटतं, तांती. पण आमचा अनुभव असा आहे की अशा गोष्टी बहुतेक तुमच्याच लोकांकडून फुटतात. नातेवाईक असतात, दूतावास असतो... दबाव असतो."

"माझे लोक," मी म्हटलं.

"मी कुणावर आरोप करत नाही."

"करतेस. फक्त फुलांत गुंडाळून करतेस."

ती गेल्यावर मी फुलं बादलीत टाकली आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. सेलोमला कुणी विकला ते मला कळायलाच हवं होतं. ज्यानं सांगितलं त्यालाच ते परत घ्यायला लावता येणार होतं. दुसरा रस्ताही होता. पण त्या रस्त्यावर एक म्हातारा माणूस उभा होता, आणि तो माझ्याच घरी, वरच्या मजल्यावर झोपला होता.

२

आता रविवारचं सांगते.

आमच्या देशात गेल्या महिन्यात मतदान झालं आणि तोच माणूस पुन्हा निवडून आला. इथल्या शहाण्यांनी निवेदन काढलं: मतदान एकंदरीत शांततेत, काही त्रुटी, पण निकाल बदलेल इतक्या नाहीत. मार्लीनला पुढचा मोठा अहवाल लिहायचा होता. त्यासाठी तिला 'प्रत्यक्ष पाहिलेला माणूस' हवा होता. आमचे तोग्बे तेव्हा इथेच होते. तोग्बे म्हणजे आवेकोपे गावच्या गादीवरचे. इथल्या गावकऱ्यांच्या मंडळानं त्यांना बोलावलं होतं आणि ते माझ्याकडे उतरले होते. मीच म्हटलं, जेवायला या सगळे, तोग्बे सांगतील.

माझीच हौस. दुसरं काय!

जेवण हॉलमध्ये होतं. मक्याचे गोळे, पालेभाजीचं कालवण, भाजलेला मासा. या लोकांचा एक नियम असतो: खोलीत ऐकलेलं बाहेर वापरायचं, पण ते कोण बोललं ते सांगायचं नाही. सगळ्यांचे फोन माझ्या कापडी पिशवीत जमा झाले. मार्लीनचा सोडून. ती उशिरा आली. खाली फुटपाथवर उभी राहून रेडिओला मुलाखत देत होती. कशावर? आमच्या निवडणुकीवर!

टेबलाशी होते म्हातारे लांबेरसाहेब, आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ वर्षं राजदूत होते ते. होती झिफा, आमचीच पोर, मार्लीनच्या हाताखाली काम करते. तोग्बे, सेलोम आणि मी. बस.

मार्लीन वर यायच्या आधी रीतीप्रमाणे पाणी फिरलं. तोग्बेंनी जमिनीवर दोन थेंब दारू सांडली आणि सेलोमच्या हातात काठी दिली. गादीवरच्या माणसानं चारचौघांत स्वतःच्या तोंडानं बोलायचं नसतं. ते हलकेच पुटपुटतात आणि त्यांचा माणूस, आम्ही त्याला त्सियामी म्हणतो, काठी हातात घेऊन उभा राहतो आणि तेच सगळ्यांना ऐकवतो. तोग्बे म्हणाले 'मी', तर तोही म्हणतो 'मी'. सेलोमचा बाप तोग्बेंचा त्सियामी होता, म्हणून इथे सेलोम.

मार्लीन आली तेव्हा सेलोम उभा राहून बोलत होता.

"मला शाळेत बोलावलं तेव्हा दार अजून उघडलं नव्हतं. बाहेर बायाबापड्यांची रांग. आत पेट्या. मी पेटीला हात लावला तर ती हलेना. एकही मत पडायच्या आधी पेटी भरलेली! मला म्हणाले, इथे अंगठा द्या, रिकामी होती म्हणून. मी दिला नाही."

झिफा रडत होती. लांबेरसाहेबांनी पुढे वाकून, तोग्बेंकडे बघत विचारलं, "आणि मग त्यांनी काय केलं?" सेलोम खाली वाकला, तोग्बेंचं पुटपुटणं ऐकलं, उभा राहिला. "मग त्यांनी मला शाळेच्या अंगणात उन्हात बसवून ठेवलं. माझ्याच गावात."

"हे अत्यंत मौल्यवान आहे," मार्लीन म्हणाली. मासा तिनं दोनदा घेतला.

जाताना जिन्यात माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचा मुलगा किती मायाळू आहे हो, तांती! बोलता बोलता सारखा वाकून त्या आजोबांना काही हवं-नको विचारत होता."

मी हसले. कौतुक करायची यांची तऱ्हा अशीच, म्हटलं, आणि विसरून गेले.

चार दिवसांनी सेलोम विमानात बसला.

३

झिफाला मी घरी बोलावलं. स्वयंपाकघरातच बसवलं, कारण पुढच्या खोलीत तोग्बे होते.

"खरं सांग. बैठकीनंतर तू कुणाला फोन केलास?"

"आईला."

"काय सांगितलंस?"

"की तुमच्या हातचा मासा खाल्ला." ती एकदम चिडली. "तांती, तुम्ही माझ्यावर संशय घेताय? ऑफिसमध्ये मार्लीननं सगळ्यांसमोर मला विचारलं, तुझे तिकडे कोण कोण आहेत म्हणून. आता तुम्ही!"

"मी सगळ्यांवर घेतेय. रडायचं असेल तर कांदा चिर, म्हणजे दोन्ही कामं होतील."

ती रडता रडता हसली आणि सुरी घेतली. मग वकिलाकडून कळलेलं तिनं सांगितलं. सेलोमवर आरोप असा होता की त्यानं मतदानाच्या दिवशी आवेकोपेच्या शाळेत भरलेल्या पेट्या पाहिल्याचं परदेशात जाऊन सांगितलं आणि देशाची बदनामी केली.

"कुणी पाहिल्याचं?"

"सेलोमनं. स्वतः. तसंच लिहिलंय, तांती. 'स्वतःच्या डोळ्यांनी'."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं. मतदानाच्या दिवशी सेलोम माझ्या दुकानात होता. एका नवरीच्या घरच्यांसाठी दिवसभर कापड फाडत होता आणि मी त्याला सतरा वेळा टोकलं होतं. पासपोर्टवर शिक्का नाही, काही नाही. वकिलाला एवढं दाखवलं की आरोप फुसका!

"मग त्यानं सांगितलं का नाही?" मी ओरडले. "मी तिथे नव्हतो, एवढंच म्हणायचं! तोंडाला कुलूप लागलंय का त्याच्या?"

झिफा खाली बघत म्हणाली, "तो काहीच बोलत नाही. वकिलाशीसुद्धा नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो 'मी पाहिलं नाही' म्हणाला, किंवा आम्ही पासपोर्ट दाखवला, की पुढचा प्रश्न एकच, मग कुणी पाहिलं? तोग्बेंचं घर, तोग्बेंची नातवंडं सगळी आवेकोपेत. त्सियामी आपल्या तोग्बेंना विकत नाही. माझा मूर्ख, गुणी, हट्टी मुलगा मार खात होता आणि गप्प होता.

पुढच्या खोलीतून काठीचा आवाज आला. दारात तोग्बे उभे होते.

"अक्पेने," त्यांनी मला नावानं हाक मारली. "माझा त्सियामी कुठे आहे? त्याचा फोन का येत नाही?"

"मयताची गडबड आहे, तोग्बे," मी म्हटलं. त्यांच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ते न जेवता परत गेले.

४

मार्लीनला दूतावासाचा संशय होता. मलाही होता. आमच्या दूतावासातला कोमी त्या रविवारी दुकानात आला होता, खाली विकायला बसवलेल्या पोरीकडून बायकोसाठी कापड घ्यायला. वरून आवाज येत होते ते त्यानं ऐकलेले असणार.

कोमी न्हाव्याकडे सापडला, मानेभोवती कपडा आणि अर्धी दाढी फेसात. मी न्हाव्याला म्हटलं, "तू जरा बाहेर जाऊन ये." तो गेला. मला कुणी नाही म्हणत नाही.

"कोमी, माझ्या मुलाला तू विकलास?"

"तांती, निदान वस्तरा तरी खाली ठेवा."

वस्तरा कधी हातात घेतला ते मलाही कळलं नव्हतं. मी तो ठेवला.

"मी सरकारचा नोकर आहे," कोमी म्हणाला. "तुम्हाला मी आवडत नाही, मला ठाऊक आहे. माझी आईसुद्धा हल्ली तोंड फिरवते. पण ही बातमी आमच्याकडून गेली नाही. आम्हालाच वरून कळली. वरून विचारलं, तुमच्या नाकाखाली असल्या बैठका होतात आणि तुम्ही काय करता, कापड घेता?"

"वर कुणी कळवलं?"

"ते मला सांगत नाहीत. मला एवढंच आलं: कापडाच्या दुकानात काम करणारा उंच तरुण, त्यानं स्वतः पाहिलं." त्यानं गालावरचा फेस पुसला. "मी उलट विचारलंही, बैठकीत आपल्याकडचे आणखी कोण होते? उत्तर आलं, संस्थेची ती मुलगी आणि दुकानाची मालकीण सोडली तर बोलणारा तो एकटाच."

"एकटाच?"

"एकटाच. का? आणखी कुणी होतं?"

मी तिथून अशी निघाले की रस्त्यात ट्राम घंटा बडवत राहिली तरी मला ऐकू आली नाही.

एकटाच! त्या खोलीत तोग्बे होते. त्यांनी जरीकाठाचं कापड पांघरलं होतं, गळ्यात मणी होते, ते मधल्या खुर्चीत बसले होते. आणि सांगणाऱ्यानं त्यांचं नावच काढलं नाही. कोमीनं ऐकलं असतं, माझ्या दुकानातल्या कुणी ऐकलं असतं, आमच्याकडच्या कुठल्याही शेंबड्या पोरानं ऐकलं असतं, तरी पहिल्यांदा कळवलं असतं की आवेकोपेचे तोग्बे आले होते आणि असं असं बोलले. सेलोमचं नावसुद्धा घेतलं नसतं. काठी धरणाऱ्याचं नाव कोण घेतं?

मग एकच शंका राहिली. कुणीतरी तोग्बेंना मुद्दाम वाचवलं आणि सेलोमला पुढे केलं. तेवढी अक्कल आणि तेवढा कोडगेपणा असलेला माणूस मला एकच ठाऊक होता.

५

लांबेरसाहेबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कुत्र्यानं माझ्या लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडाचं टोक धरलं. मी कुत्र्याला आधी सरळ केलं, मग मालकाकडे वळले.

"साहेब, तुम्हाला आमच्या रीती ठाऊक. तुम्ही प्रश्न तोग्बेंना विचारलात, सेलोमला नाही. तुम्हाला माहीत होतं कोण बोलतंय."

"अर्थातच माहीत होतं."

"मग म्हाताऱ्याला झाकून पोराला दिलंत?"

मग त्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं रडतात, पण ते चिडले होते.

"तांती, मी पुष्कळ पापं केली आहेत. पगार घेऊन केली आहेत. तुमच्या आधीच्या निवडणुकीला मीच 'विश्वासार्ह' म्हटलं होतं, आणि आमचं निवेदन मतदानाच्या आधीच लिहून ठेवलं होतं. मेलेल्यांच्या आकड्यापुरती जागा तेवढी मोकळी ठेवली होती. पण मला जर कुणाला पकडून द्यायचं असतं तर मी तोग्बेंना दिलं असतं. ज्याच्या शब्दाला किंमत आहे त्याला. बिनकामाचा माणूस पकडवून देण्याइतका मी अडाणी नाही. कृपा करून माझी अक्कल काढू नका."

असल्या बोलण्यावर माणसाचा विश्वास बसतो. माझा बसला.

"मग कोण?"

त्यांनी मला कॉफी दिली. कॉफी वाईट होती.

"आमच्या लोकांत एक सभ्य रीत आहे," ते म्हणाले. "कुणावर आरोप असलेलं काही छापायचं असलं, की आधी त्याला कळवायचं. तुमचं म्हणणं काय, म्हणून विचारायचं. त्याला आम्ही संतुलन म्हणतो. ब्रसेल्समध्ये बसून ते फार शोभून दिसतं."

"ज्यानं पेट्या भरल्या, त्यालाच विचारायचं की पेट्या भरल्यास का?"

"हो."

"आणि तो विचारतो, कोण म्हणालं?"

लांबेरसाहेबांनी कप खाली ठेवला. "नाव घ्यायचं नाही, हा नियम आहे. पण 'माहिती कितपत भरवशाची' हे तर सांगावं लागतं ना. मग माणूस म्हणतो, चांगली भरवशाची, स्वतः पाहिलेला माणूस आहे, तरुण आहे, शिकलेला आहे, इथेच काम करतो..."

तेव्हा मला जिना आठवला. माझा हात हातात घेतलेला. सारखा वाकून त्या आजोबांना काही हवं-नको विचारत होता!

त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की सेलोम ऐकायला वाकतो. झिफाला ठाऊक होतं, लांबेरला होतं. पाणी फिरलं, काठी दिली गेली, हे ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांना होतं. ज्या एकटीनं पाहिलं नव्हतं, ती खाली फुटपाथवर उभी राहून आमची निवडणूक जगाला समजावून सांगत होती.

कॉफी तशीच टाकून मी उठले. तिच्या अहवालाचं प्रकाशन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. माझ्याच हॉलमध्ये.

घरी आले तर तोग्बे स्वयंपाकघरात बसले होते, झिफा त्यांच्या पायाशी. पोरीनं सगळं सांगून टाकलं होतं. मी तिला शिव्या द्यायला तोंड उघडलं.

"तिला बोलू नकोस," तोग्बे म्हणाले. "खोटं तू बोललीस."

६

हॉल भरला होता. राजदूत, सल्लागार, वार्ताहर, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरं. तरीही मागे खुर्च्या शिल्लक होत्या. आमच्यातलं कुणी बोलावलेलंच नव्हतं. मार्लीन पुढे टेबलाशी, मधल्या खुर्चीत. भिंतीवर आमच्या देशाचा नकाशा, तीन रंगांत रंगवलेला.

मी आत शिरले तेव्हा एक गृहस्थ म्हणत होते, "निकाल मान्य न करण्याचे परिणाम स्थैर्यावर होतील." सगळ्यांनी माना हलवल्या.

"परिणाम कोठडीत बसलाय," मी मागून म्हटलं. "त्याचं नाव सेलोम."

माना वळल्या. तोग्बे माझ्या हाताला धरून होते. मी त्यांना सावकाश पुढे नेलं.

"तांती," मार्लीन उठली, "आपण हे नंतर, शांतपणे बोलूया."

"आत्ताच बोलू. मंत्र्याच्या माणसाला तू फोन केलास की नाही?"

"कुठल्या मंत्र्याच्या?"

"ज्याच्या हाती आमचं मतदान, त्या पेट्या भरणाऱ्याच्या! केलास की नाही?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. लांबेरसाहेब पहिल्या रांगेत होते, ते छताकडे बघत होते. झिफा दारात हाताची घडी घालून उभी होती. त्या घडीसाठी तिची नोकरी जाणार होती, हे तिलाही कळत होतं.

"प्रतिक्रिया मागणं ही आमची पद्धत आहे," मार्लीन म्हणाली. "आम्ही ती नेहमीच मागतो. दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. आणि मी नाव घेतलं नाही, तांती! मी कधीही नाव घेत नाही."

"मग काय घेतलंस?"

"मी फक्त म्हटलं की माहिती विश्वसनीय आहे. प्रत्यक्षदर्शी तरुण आहे, इथे... इथे कापडाच्या..." तिचा आवाज आत गेला. तिनं ते वाक्य मनात पूर्ण केलं आणि तिला पहिल्यांदाच ऐकू आलं, असं मला वाटलं. ब्रसेल्समध्ये कापडाची दुकानं पुष्कळ असतील. पण ज्याच्या माळ्यावर ही बाई बैठका घेते असं एकच.

"त्यानं पाहिलं हे तुला कुणी सांगितलं?"

"तोच म्हणाला! सगळ्यांसमोर. 'मी पेटीला हात लावला.'"

"आणि हे?" मी तोग्बेंच्या खांद्याला स्पर्श केला. "हे कोण बसले होते त्या दिवशी?"

ती तोग्बेंकडे बघत राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. "आजोबा," ती म्हणाली.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"आता ऐक," मी म्हटलं. "तू इथे, या सगळ्यांसमोर, या वार्ताहरांसमोर सांगायचं: मंत्र्याला मी कळवलं, आणि चुकीचं कळवलं, हा मुलगा तिथे नव्हता. एवढी तीन वाक्यं. तुझा शब्द तिकडे मानतात. तो आज सुटेल."

तिचे डोळे भरले. खरे भरले. पण मान हलली ती आडवी.

"मला ते करता येणार नाही. बैठकीत कोण होतं, कोण काय बोललं, हे मी जाहीरपणे सांगू शकत नाही. तो नियम आहे. तो मोडला तर उद्या आमच्याशी कुणी बोलणार नाही. संस्थेचं सगळं काम..."

माझा हात उठला होता. तो तोग्बेंनी धरला.

मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली, धरायला नाही, बाजूला ठेवायला. आणि चारशे वर्षांत आवेकोपेच्या गादीवर बसलेल्या कुणी केलं नसेल ते केलं. परक्या लोकांसमोर उभे राहून ते स्वतःच्या तोंडानं बोलले. फ्रेंचमध्ये बोलले. गादीवर यायच्या आधी ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते, त्यांचं फ्रेंच मार्लीनच्या फ्रेंचपेक्षा स्वच्छ आहे. तिनं कधी विचारलं नव्हतं.

"ते शब्द माझे," ते म्हणाले. "त्या मुलानं फक्त वाहून आणले. पेटीला हात मी लावला. अंगठा मी दिला नाही. माझं नाव लिहून घ्या, मी सावकाश सांगतो." आणि त्यांनी सांगितलं: नाव, बापाचं नाव, गाव. वार्ताहर लिहीत होते. लांबेरसाहेब उठून उभे राहिले होते.

झिफा भिंतीला टेकून खाली बसली. आम्हा दोघींना कळत होतं तोग्बेंनी काय केलं ते. त्या एका नावानं त्यांनी स्वतःचा परतीचा रस्ता बुजवून टाकला होता.

पुढचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट दाखवून सेलोम सुटला, पण कोठडीत त्याचे पुढचे दात गेले. तोग्बेंच्या घराला टाळं लागलं, नातवंडं सीमेपलीकडे पळाली. गादी रिकामी आहे. म्हातारा माझ्याकडे राहतो आणि खिडकीतून ट्रामा बघतो. पण हे नंतरचं.

त्या दुपारी तोग्बे बोलायचे थांबले तेव्हा ते टेबलाचा काठ धरून उभे होते. आणि मार्लीन पुन्हा त्या मधल्या खुर्चीत बसली होती. रुमालानं डोळे टिपत होती आणि शेजारच्या माणसाला सांगत होती, "हे फार धाडसी होतं, आपण याची नोंद घ्यायला हवी."

मी टेबलापाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"मार्लीन, डोळे पूस आणि ऐक. तू पैसे खाल्ले नाहीस, सूड घेतला नाहीस, हे मला मान्य आहे. तुला आमच्यातला एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा ओळखता आला नाही, आणि तरी तू आमच्या अख्ख्या देशाचा निकाल सांगत बसलीस. मंत्र्यासाठी तुला नियम मोडता आला, माझ्या मुलासाठी आला नाही. म्हणून मी सांगते ते ऐक. आजपासून आमच्या मतदानावर तू तोंड उघडायचं नाहीस. या हॉलमध्ये नाही, रेडिओवर नाही, कुणाच्या जेवणाच्या टेबलावर नाही. कुणी विचारलंच तर मान खाली घालून सांगायचं, 'मला तिथलं कळत नाही.' एवढंच. जन्मभर. आणि आता ऊठ त्या खुर्चीवरून. तोग्बे उभे आहेत."